एक्झिट पोल का फसतात? धक्कादायक निकालांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१. ओपिनियन पोल, एक्झिट पोल आणि पोस्ट-पोल: हे तिन्ही एकच ना?

नाही. ओपिनियन पोल मतदानाआधी होतो. तेव्हा उमेदवार ठरलेले नसतात, बंडखोरांनी अर्ज मागे घेतलेले नसतात, आणि उत्तर देणारा मतदानाला जाईलच याचीही खात्री नसते. एक्झिट पोल मतदानाच्या दिवशी, केंद्राबाहेर पडणाऱ्या मतदाराला गाठून होतो. पोस्ट-पोलमध्ये मतदानानंतरच्या एक-दोन दिवसांत घरी जाऊन विचारतात. दारात पक्षाचे कार्यकर्ते उभे नसल्यामुळे माणूस जरा मोकळा बोलतो, पण 'जिंकणाऱ्यालाच दिलं' असं सांगण्याचा मोहही वाढतो. टीव्हीवर 'एक्झिट पोल' म्हणून जे दाखवतात, त्यात या तिन्हींची भेसळ बरेचदा असते.

२. महाराष्ट्रात साडेनऊ कोटींहून जास्त मतदार. आमच्या घरात आजवर कुणाला कुणी विचारलेलं नाही. मग अंदाज कुठून येतो?

दहा हजारांचा सर्व्हे असला तरी तुमचा नंबर लागण्याची शक्यता साडेनऊ हजारांत एक. तेव्हा न विचारणं हेच नेहमीचं.

शितावरून भाताची परीक्षा होते, पण भात नीट ढवळलेला असेल तरच. नमुना खरोखर चिठ्ठ्या टाकून निवडला असेल, तर १,००० माणसांत चूक साधारण ±३ टक्के, २,४०० माणसांत ±२ टक्के आणि १०,००० माणसांत ±१ टक्का. लोकसंख्या एक कोटी असो की शंभर कोटी, यात जवळपास फरक पडत नाही. हा झाला पुस्तकातला हिशेब. प्रत्यक्षात एकेका बूथवर वीस-पंचवीस जणांना विचारतात आणि एकाच आळीतले लोक एकमेकांसारखे असतात, त्यामुळे दहा हजारांच्या नमुन्याची किंमत निम्म्यावरही येऊ शकते.

आकडा मोठा म्हणजे अंदाज पक्का, ही समजूत १९३६ मध्ये अमेरिकेत मोडली. 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाने एक कोटी लोकांना पत्रं पाठवली, तेवीस-चोवीस लाख उत्तरं आली आणि अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रूझवेल्ट हरणार, लँडन जिंकणार असं छापलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून, म्हणजे मंदीच्या काळातल्या खात्यापित्या घरांतून. शिवाय ज्यांना रूझवेल्टचा राग होता त्यांनीच आवर्जून उत्तरं धाडली. सर्वेक्षक जॉर्ज गॅलप यांनी सुमारे पन्नास हजारांच्या नमुन्यावर विजेता बरोबर सांगितला.

३. सर्व्हेची माणसं गावात जाऊन नेमकं काय करतात, आणि चूक कुठे होते?

नीट केलेल्या पाहणीत आधी मतदारसंघ, मग त्यातले बूथ चिठ्ठ्या टाकून निवडतात. समजा बूथच्या यादीत १,००० नावं आहेत आणि २० मुलाखती हव्या आहेत, तर दर पन्नासावं नाव घ्यायचं. सुरुवात १७ पासून निघाली की १७, ६७, ११७ असं पुढे. त्या नावाच्या घरी जायचं, त्याच माणसाला भेटायचं, मताचा प्रश्न आला की नमुना मतपत्रिका हातात द्यायची आणि घडी घालून डब्यात टाकायला सांगायचं, म्हणजे तोंडाने पक्ष सांगावा लागत नाही.

आता प्रत्यक्षात. ६७ नंबरचा पोरगा पुण्यात कंपनीत आहे. ११७ नंबरच्या बाई शेतावर, संध्याकाळी येतील. सर्वेक्षकाला मुलाखतीमागे पैसे मिळतात आणि उन्हं डोक्यावर आलेली असतात, म्हणून तो पारावर किंवा चहाच्या टपरीवर बसलेल्यांना धरतो. तिथे भेटतात पुरुष, तेही बोलके आणि बहुधा गावातल्या वजनदार जातीचे. मजूर, बायका आणि वस्तीच्या टोकाची घरं गळतात. त्यातही वाईट म्हणजे झाडाखाली बसून फॉर्म भरून टाकणं. म्हणून चांगल्या संस्था टॅबवर जीपीएस आणि आवाजाचं रेकॉर्डिंग घेतात आणि काही मुलाखती फोन करून पुन्हा तपासतात.

बूथ कुठला निघाला यानेही खेळ पालटतो. धुळे लोकसभा, २०२४ घ्या. सहा विधानसभा क्षेत्रांपैकी पाचांत मिळून भाजपचे सुभाष भामरे एक लाख ऐंशी हजारांहून जास्त मतांनी पुढे होते. एकट्या मालेगाव मध्यने काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांना जवळजवळ १ लाख ९४ हजारांची आघाडी दिली आणि त्या ३,८३१ मतांनी जिंकल्या. नमुन्यात मालेगाव मध्यचे बूथ त्यांच्या वाट्याइतकेच आले नसतील, तर धुळ्याचा अंदाज कुणालाही बरोबर देता येणार नाही.

४. मतांची टक्केवारी जवळपास बरोबर, पण जागा साफ चुकलेल्या. असं कसं?

धक्कादायक म्हणवल्या जाणाऱ्या निम्म्याहून अधिक निकालांचं उत्तर इथेच आहे. सर्व्हे मतं मोजतो, जागा नाही. जागा हा त्यावर केलेला हिशेब असतो.

एक छोटं उदाहरण. दहा जागांच्या पट्ट्यात 'अ' पक्षाने मागच्या वेळी सहा जागा जिंकल्या, प्रत्येक ३ टक्क्यांच्या फरकाने. या वेळी फक्त दोन टक्के मतं 'अ'कडून 'ब'कडे गेली. 'अ'चे दोन कमी, 'ब'चे दोन जास्त, म्हणजे फरक चार टक्क्यांनी हलला. अधिक तीनचे झाले उणे एक आणि सहाच्या सहा जागा गेल्या. तुमच्या सर्व्हेची चूकच ±२ टक्के असेल, तर सहा आणि शून्य यांत तो फरक करू शकत नाही. पडद्यावर मात्र 'अ : ४ ते ६' असं ठणकावून झळकतं.

आता खरे आकडे. लोकसभेला भाजपची मतं २०१९ मध्ये ३७.४ टक्के होती, २०२४ मध्ये ३६.६. घट टक्क्याहूनही कमी. जागा ३०३ वरून २४०. महाराष्ट्रात त्याच निवडणुकीत महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या मतांत एका टक्क्याहूनही कमी अंतर होतं, जागा ३० विरुद्ध १७ (सांगलीत अपक्ष विशाल पाटील). बिहार विधानसभा २०२० मध्ये दोन आघाड्यांत ०.०३ टक्के, म्हणजे सुमारे १२ हजार मतांचं अंतर होतं, जागा १२५ आणि ११०. तिथे बहुतेक एक्झिट पोलनी महागठबंधनाला पुढे दाखवलं होतं. मतांच्या हिशेबात ते फार चुकले असं म्हणता येत नाही, पण सरकार दुसऱ्याचं आलं.

आपल्याकडे मतविभागणीमुळे हे आणखी अवघड होतं. विरोधक एकत्र आहेत की फुटलेले, यावर ३५ टक्के मतांत दणदणीत विजय मिळेल की धूळधाण उडेल ते ठरतं. मायावतींच्या बसपाला २००७ मध्ये उत्तर प्रदेशात ३० टक्के मतांवर ४०३ पैकी २०६ जागा मिळाल्या. चाचण्या तेव्हा त्रिशंकू विधानसभा सांगत होत्या.

५. २००४ ला 'इंडिया शायनिंग'चा प्रचार असताना वाजपेयी सरकार पडलं. एवढी मोठी चूक कशी झाली?

डिसेंबर २००३ मध्ये भाजपने मध्य प्रदेश, राजस्थान आणि छत्तीसगड जिंकलं, त्या जोरावर लोकसभा मुदतीआधी घेतली. चाचण्यांनी रालोआला (भाजपप्रणीत राष्ट्रीय लोकशाही आघाडीला) २३० ते २७५ जागा दिल्या. १३ मे रोजी रालोआ १९० च्या आत थांबली. काँग्रेस १४५, भाजप १३८.

अंदाज चुकले ते मित्रपक्षांपाशी. तामिळनाडूत द्रमुक रालोआ सोडून गेला होता आणि त्याच्या आघाडीने राज्यातल्या ३९ च्या ३९ जागा घेतल्या. आंध्रात तेलुगू देसम २९ वरून ५ वर आला. एका राज्यातली लाट अशी एकरकमी लागते, तेव्हा देशाच्या सरासरीवर काढलेला हिशेब तिला पकडत नाही. मुंबईनेही तेव्हा चकवलं: सहापैकी पाच जागा काँग्रेसच्या. लोकसभा अध्यक्ष मनोहर जोशी आणि पेट्रोलियम मंत्री राम नाईक दोघेही पडले, नाईक तर गोविंदाकडून. शहरी, बोलक्या, टीव्ही बघणाऱ्या वर्गात देश खरंच 'शायनिंग' होता. सर्व्हेला तोच वर्ग सहज सापडतो (प्रश्न ३).

६. २०२४ लोकसभेला सगळ्याच संस्था एकाच बाजूला चुकल्या. सगळे विकले गेले होते का?

१ जूनच्या संध्याकाळी बहुतेकांनी रालोआला ३५० च्या पुढे नेलं, काहींनी थेट ४००. निकाल २९३. उत्तर प्रदेशात रालोआला साठच्या पुढे जागा सांगितल्या होत्या. मिळाल्या ३६, त्यात भाजपच्या ३३; समाजवादी पक्षाला (सपा) ३७. अयोध्या ज्या फैजाबाद मतदारसंघात येते, तोही सपाकडे गेला.

चूक निव्वळ नशिबाची असती तर काही संस्था वर चुकल्या असत्या, काही खाली. सगळ्या एकाच दिशेला गेल्या याचा अर्थ सगळ्यांच्या नमुन्यातून तेच लोक गळाले. उत्तर प्रदेशात दलित मतांचा एक भाग सपा-काँग्रेसकडे सरकला, आणि हा मतदार अनोळखी माणसापुढे सहसा तोंड उघडत नाही. दुसरं कारण कळपाचं: तुमच्या कच्च्या आकड्यांत २९० येत असतील आणि आधीचे सगळे ओपिनियन पोल ३५० च्या पुढे असतील, तर बहुतेक जण आपलाच नमुना चुकला असं समजून 'दुरुस्ती' करतात. दहा पोलची सरासरी काढली की चूक मिटते, हे म्हणूनच खरं नाही.

विकले जाण्याचा आरोप दर निवडणुकीला होतो. एक साधी गोष्ट लक्षात घ्या: मतदान संपल्यावर दाखवलेल्या अंदाजाने मत फिरत नाही, आणि तोंडावर पडलेल्या संस्थेला पुढचं काम मिळवणं जड जातं. पैसे देऊन हवे तसे आकडे मागवण्याचा धोका प्रचाराच्या काळातल्या ओपिनियन पोलमध्ये जास्त.

७. महाराष्ट्र विधानसभेला (नोव्हेंबर २०२४) बहुतेकांनी महायुतीच सांगितली होती. मग तो अपसेट कसा?

विजेता बरोबर, आकार साफ चूक. बहुतेक अंदाज १५० ते १७५ च्या आसपास फिरत होते, काहींनी महाविकास आघाडीलाही पुढे ठेवलं होतं, सर्वांत वरचा अंदाज २०० च्या घरात. निकाल: भाजप १३२, शिंदे यांची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१, म्हणजे तिघांचे २३०. समोर ठाकरेंची शिवसेना २०, काँग्रेस १६, शरद पवारांची राष्ट्रवादी १०. भाजपने १४९ जागा लढवून १३२ आणल्या, हे प्रमाण कुठल्याच मॉडेलमध्ये बसत नव्हतं.

पायाच चुकला होता. पाच महिन्यांपूर्वीच्या लोकसभेत महाविकास आघाडी दीडशेच्या आसपास विधानसभा क्षेत्रांत पुढे होती, आणि बऱ्याच हिशेबांची सुरुवात तिथून झाली. मधल्या काळात लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपये खात्यात जमा होऊ लागले आणि मतदान ६१ वरून ६६ टक्क्यांवर गेलं. बायकांचा नमुना कमी पडतो हे वर आलंच आहे. बारामती विधानसभा क्षेत्रात लोकसभेला सुप्रिया सुळेंना सुमारे ४८ हजारांची आघाडी होती. त्याच मतदारांनी नोव्हेंबरमध्ये अजित पवारांना लाखाच्या मताधिक्याने निवडून दिलं. 'दिल्लीत ताई, मुंबईत दादा' असा विचार करणारा मतदार जुन्या निकालावर बेतलेल्या गणितात दिसतच नाही. संगमनेरात बाळासाहेब थोरात १०,५६० मतांनी आणि कराड दक्षिणेत पृथ्वीराज चव्हाण ३९ हजारांनी पडले, हे तर स्थानिक पत्रकारांनाही अनपेक्षित होतं.

८. हरियाणात सकाळी काँग्रेस पुढे होती, दुपारी भाजप जिंकली. मतमोजणीत असं कसं बदलतं?

आठ वाजता आधी टपाली मतं उघडतात, अर्ध्या तासाने यंत्रांची मोजणी सुरू होते. साधारणपणे एका विधानसभा क्षेत्राला १४ टेबलं, म्हणजे एका फेरीत १४ बूथ. २८० बूथ असतील तर २० फेऱ्या. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत एकाच बाजूची गावं आलेली असतात, त्यावर चॅनेल 'आघाडी' दाखवतं. निम्म्या फेऱ्या होईपर्यंत त्या आकड्याला अर्थ नाही.

८ ऑक्टोबर २०२४ ला अंतिम निकाल भाजप ४८, काँग्रेस ३७. मतं ३९.९ आणि ३९.१ टक्के. सर्व एक्झिट पोलनी काँग्रेसला सत्ता दिली होती. काँग्रेसची मतं २०१९ पेक्षा अकरा टक्क्यांनी वाढली, हे त्यांनी बरोबर टिपलं. भाजपचीही वाढली, हे सुटलं. पुढे प्रश्न ४ लागू.

९. लोक सर्व्हेवाल्यांशी खोटं बोलतात का?

काही बोलतात. ब्रिटनमध्ये १९९२ ला चाचण्या अटीतटीची लढत सांगत होत्या. जॉन मेजर यांचा हुजूर पक्ष साडेसात टक्क्यांनी पुढे निघाला. तेव्हापासून तिथे 'लाजाळू टोरी' (टोरी म्हणजे हुजूर पक्षवाला) हा शब्दच रूढ झाला. पण २०१५ ला तिथे चाचण्या पुन्हा चुकल्यावर रीतसर चौकशी झाली आणि मुख्य दोष निघाला तो नमुन्यात. खोटं बोलण्यापेक्षा न बोलण्याने जास्त नुकसान होतं. आपल्याकडे 'बघू', 'अजून ठरवलं नाही', 'सगळे चांगलेच आहेत' म्हणणारे कुंपणावरचे असतीलच असं नाही. गावच्या पुढाऱ्याविरुद्ध मत द्यायचं असेल तर ते बोलून दाखवायचं नसतं, एवढं प्रत्येकाला कळतं. या लोकांना गाळून उरलेल्यांची टक्केवारी काढली की अंदाज वजनदारांच्या बाजूला कलतो.

१०. बिहार २०१५ मध्ये एका संस्थेने निकाल उलटाच सांगितला होता. तो कसा?

भाजप आघाडीला १५५ जागा सांगितल्या होत्या, मिळाल्या ५८, लालू-नितीश-काँग्रेस १७८. नंतर त्या संस्थेने माफी मागितली आणि संगणकाच्या साच्यात दोन्ही आघाड्यांचे कोड उलटे पडले असं कारण दिलं. धडा किचकट नाही: आकडे बाहेर सोडण्याआधी चार-पाच बूथचे मूळ फॉर्म हाताने मोजून संगणकाशी ताडून बघावेत.

११. चिन्हाच्या घोळाचा हिशेब सर्व्हेत धरतात का?

धरता येत नाही, कारण मतदार सांगतो ते त्याच्या मनातलं, बटण दुसरंच दाबलेलं असतं. साताऱ्यात २०२४ च्या लोकसभेला उदयनराजे भोसले ३२,७७१ मतांनी जिंकले. त्यांच्यासमोरचे शरद पवार गटाचे शशिकांत शिंदे यांचं चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस', आणि नुसती 'तुतारी' म्हणजे लोकांच्या भाषेत पिपाणी घेतलेल्या एका अपक्षाला ३७ हजारांवर मतं. ती सगळीच चुकून पडली असं सिद्ध करता येणार नाही, पण अनोळखी अपक्षाला इतकी मतं एरवी मिळत नाहीत. दिंडोरीत पिपाणीवाल्या अपक्षाचं आडनावही विजयी उमेदवाराचंच, भगरे; त्याला लाखाहून जास्त मतं पडली. तिथे मताधिक्य मोठं होतं म्हणून निभावलं.

१२. गोव्याचे अंदाज तर नेहमीच फसतात. छोटं राज्य सोपं नसतं का?

उलट. मतदारसंघ पंचवीस-तीस हजार मतदारांचा, एका मोठ्या वाड्याने निकाल फिरतो. २०२२ ला बहुतेकांनी त्रिशंकू सांगितलं आणि भाजपने ४० पैकी २० घेतल्या. सांत आंद्रेची जागा ७६ मतांनी ठरली, साखळीत खुद्द मुख्यमंत्री प्रमोद सावंत जेमतेम ६६६ मतांनी जिंकले, पणजीत उत्पल पर्रीकर ७१६ मतांनी पराभूत झाले. गोव्यात अंदाज बघायचाच असेल तर मतांची टक्केवारी बघा, जागा सोडून द्या.

१३. अमेरिकेत २०१६ ला ट्रम्प जिंकले तेव्हा सगळेच पोल चुकले होते ना?

देशपातळीवरचे फारसे नाही. हिलरी क्लिंटन तीनेक टक्क्यांनी पुढे असा अंदाज होता, प्रत्यक्षात त्या २.१ टक्क्यांनी पुढे राहिल्या. चूक झाली विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनियात. या तीन राज्यांतल्या मिळून सुमारे ७८ हजार मतांनी अध्यक्ष ठरला. तिथल्या अनेक पाहण्यांत कॉलेज शिकलेले लोक प्रमाणाबाहेर आले होते आणि शिक्षणानुसार वजन दिलं नव्हतं.

१४. अंदाज कधी दाखवायचे याचा कायदा काय आहे?

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२६अ: पहिल्या टप्प्याचं मतदान सुरू झाल्यापासून शेवटच्या टप्प्याचं मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल कुठेही प्रसिद्ध करायचा नाही. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. निवडणूक आयोगाने या काळात ज्योतिषी आणि टॅरोवाल्यांच्या भाकितांनाही मनाई केली आहे. ओपिनियन पोल चालतात, मात्र त्या भागातलं मतदान संपण्याआधीचे ४८ तास टीव्हीसारख्या माध्यमांवर दाखवता येत नाहीत. म्हणून मतदान चालू असताना व्हॉट्सॲपवर आलेला 'एक्झिट पोल' एकतर खोटा किंवा बेकायदा. पुढे पाठवू नका.

१५. एक्झिट पोल बघून शेअर घेतले तर?

३ जून २०२४ ला सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी चढला, ४ जूनला सुमारे ४,३९० अंकांनी कोसळला. राजस्थानातल्या फलोदीच्या सट्टा बाजाराचे 'भाव' विचारणाऱ्यांनाही हेच उत्तर: ते नमुना घेत नाहीत, वाऱ्यावर चालतात, आणि सट्टा बेकायदा आहे.

१६. टीव्हीवर एक्झिट पोल लागला की काय तपासायचं?

आधी मतांची टक्केवारी शोधा. नुसत्या जागा देणारा अंदाज बाजूला ठेवा. दोन आघाड्यांतला फरक पाहा: चूक ±३ टक्के सांगितली असेल तर दोघांतल्या फरकाची चूक जवळपास दुप्पट धरायची, म्हणजे ४ टक्क्यांची आघाडीसुद्धा बरोबरीच समजा. 'सांगता येत नाही' म्हणणारे किती होते आणि त्यांचं काय केलं, हे दिलंय का? बायकांचं प्रमाण किती? मुलाखती घरी, केंद्राबाहेर की फोनवर? जागांची पट्टी '१५० ते १५६' इतकी अरुंद असेल तर ती आत्मविश्वासाची खूण नाही, शंकेची आहे. आणि सगळ्या चॅनेलांचे आकडे एकमेकांना चिकटलेले दिसले, तर प्रश्न ६ पुन्हा वाचा.

१७. निकाल अंदाजापेक्षा इतका वेगळा आला, म्हणजे ईव्हीएममध्येच गडबड असणार?

फसलेला पोल हा त्याचा पुरावा होत नाही. असे पोल मतपत्रिकांच्या जमान्यातही फसत होते: १९४८ ला अमेरिकेत ट्रुमन हरणार असं सगळे म्हणत होते आणि 'शिकागो ट्रिब्यून'ने तसा मथळाही छापून टाकला होता. शंका असेल तर तपासायचे कागद वेगळे आहेत. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष फॉर्म १७-सी भरतो, त्यात त्या यंत्रात पडलेली एकूण मतं असतात आणि त्याची प्रत मतदान प्रतिनिधीला मिळते. मोजणीच्या टेबलावर यंत्राचा क्रमांक, सील आणि एकूण आकडा त्या प्रतीशी जुळवायचा. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच बूथच्या व्हीव्हीपॅट (मत कुणाला गेलं ते छापणाऱ्या यंत्राच्या) चिठ्ठ्या मोजून ताडतात. ते बूथ चिठ्ठी टाकून निवडतात, तिथे आपला माणूस हजर हवा. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालानंतर सात दिवसांत लेखी अर्ज करून, खर्च भरून, ५ टक्के यंत्रांच्या मेमरीची तपासणी मागता येते. १७-सी ची प्रत घरी विसरून आलेल्या प्रतिनिधीला टेबलावर काहीच जुळवता येत नाही, म्हणून आदल्या रात्रीच सगळ्या बूथच्या प्रती एका फाइलमध्ये, फेरीच्या क्रमाने लावून ठेवा.